बाबांची जीभ आणि गुलाबी मैदा

लग्नाच्या पंगतीत माझ्या बाबांच्या शेजारी बसलेला माणूस हमखास त्यांच्या हाताकडे बघायचा. उजवा तळवा गुलाबी, बोटांची टोकं त्याहून गडद, आणि नखांच्या कडेला तर कायमची एक रेघ. कुणाला ती मेंदी वाटायची. कुणाला कातडीचा रोग वाटायचा, आणि तो जरा सरकून बसायचा. बाबा मजेत जेवत असायचे. विचारलंच कुणी, तर सांगायचे की हा धंद्याचा रंग आहे, साबणाने जात नाही आणि मला तो घालवायचाही नाही.

धंदा म्हणजे रायपूरच्या गुढियारी भागातलं बियाणांचं आणि औषधांचं दुकान. औषधं पिकांची: किडीचं, तणाचं, बुरशीचं. आम्ही त्याला औषध म्हणतो, गिऱ्हाईक दवाई म्हणतात, आणि विष म्हणायची वेळ आली की सगळेच दुसरीकडे बघतात. आजोबा विदर्भातून रेल्वेच्या नोकरीवर रायपूरला आले आणि इथलेच झाले. बाबांनाही रेल्वेत चिकटवायची त्यांची फार इच्छा होती, पण बाबांना कुणाच्या हाताखाली राहणं जमलं नसतं. मलाही जमत नाही, आणि पुढे जे घडलं त्याचं निम्मं कारण तेच असावं.

नवीन राज्य झालं तेव्हा बाबांनी पेंटरला बोलावून पाटीवरच्या मध्यप्रदेशावर रंग मारून घेतला आणि वर छत्तीसगड लिहून घेतलं. पेंटरने एकच हात मारला होता. ऊन तिरपं पडलं की जुनं राज्य खालून डोकावायचं. शहर राजधानी झालं, शंकर नगरातल्या भाड्याच्या घरांवर साहेबांच्या पाट्या लागल्या, आणि त्या साहेबांच्या बायका गुलाबाच्या पानांवरच्या पांढऱ्या बुरशीसाठी औषध मागत आमच्या दुकानात येऊ लागल्या. त्यांच्याशी बाबा हिंदीत इतके नम्र बोलायचे की आई म्हणायची, यातलं थोडं घरी आणा.

नकली माल पूर्वीही यायचा, राजधानीबरोबर तो वाढला. तसंच पाकीट, तसाच रंग, आत कुठलीतरी माती. अशा वेळी बाबांची जुनीच जीभ आणखी कामाला आली. बियाणाला चोळायच्या गुलाबी बुरशीनाशकाचं नवीन खोकं आलं की ते त्यातलं एक पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं फिरवायचे, कात्रीने कोपरा कापायचे, करंगळीच्या टोकावर मोहरीएवढी भुकटी घ्यायचे आणि ती जिभेच्या शेंड्याला लावायचे. डोळे मिटायचे. दोन क्षण थांबायचे. मग नालीत थुंकून निकाल द्यायचे: असली, किंवा नकली. दोनदा त्यांनी अख्खी खोकी परत पाठवली होती आणि दोन्ही वेळा माल खरोखर खोटा निघाला होता. ही गोष्ट अभनपूरच्या बाजारापर्यंत पोचली. तिकडचे शेतकरी वाटेतली तीन दुकानं सोडून आमच्याकडे यायचे, आणि पाकीट घेण्याआधी म्हणायचे, भैया, जरा जीभ लावा. शिवाय मागितलं तर बाबा ताडपत्रीवर धानाचं बियाणं पसरून त्याला ती गुलाबी भुकटी उघड्या हाताने चोळूनही द्यायचे. तळव्याचा रंग तिथला.

मी त्या वेळी प्राणिशास्त्रात संशोधन करत होते, म्हणजे पांढऱ्या उंदरांना बुरशीनाशक पाजत होते. बापाने विकायचं आणि लेकीने उंदरांना पाजायचं, असा आमचा घरगुती उद्योग चालू होता. आमच्या मॅडमनी त्यासाठी शुद्ध रसायन बाहेरून मागवलं होतं. दुकानातलं चालत नाही म्हटल्यावर बाबांना अपमान वाटला. ते म्हणाले, उंदरांना सांग, माझ्याकडचं चाखून पाहा.

या औषधाने उंदराच्या लिव्हरचं काय होतं आणि लिव्हरच्या पेशींमधली कुठली जनुकं कामाला लागतात, हे आम्हाला बघायचं होतं. जनुकांचं काम करणारी यंत्रं आमच्याकडे नव्हती. लिव्हरचे तुकडे कोरड्या बर्फात घालून थर्मोकोलच्या डब्यातून बाहेरगावी पाठवायचे. एकदा तो डबा मांडीवर घेऊन मी रेल्वेत बसले होते, तर समोरच्या काकूंनी विचारलं, कुल्फी आहे का. मी हो म्हणाले. त्या पुढचे दोन तास माझ्याकडे फार आशेने बघत होत्या.

एकदा जेवताना बाबांनी विचारलं की एवढं करून तू नेमकं पाहतेस काय. मला असा प्रश्न कुणी विचारायचीच खोटी असायची. मी आईच्या मांडणीकडे बोट दाखवलं. म्हटलं, या मांडणीवर चाळीस डबे आहेत, पण रोज उघडतात सात-आठच. पाहुणे आले की बाकीचे भराभर उघडतात. जनुकांचं तसंच असतं. डबे सगळे जागेवरच असतात, त्यातलं सामानही बदलत नाही, पण कुठला डबा कधी आणि किती वेळा उघडायचा हे बदलतं. बुरशीनाशक पोटात गेलं की ते मोडून बाहेर काढायचं काम लिव्हरवर येतं, आणि त्यासाठी लागणारे डबे उघडतात. पाहुणा एक दिवस राहून गेला तर झाकणं परत लागतात. तो रोजच येऊन बसला तर डबे उघडेच राहतात, भलतेसलते डबेही उघडायला लागतात, चरबी साठवायचे वगैरे. लिव्हर फुगतं, जड होतं, पेशींमध्ये चरबीचे थेंब दिसायला लागतात.

आई म्हणाली, म्हणजे लिव्हरही घरातली बाईच म्हणा.

बाबांनी भाताचा घास घेतला, शांतपणे चावला. मग म्हणाले, "हे उंदरांचं झालं. मी काय उंदीर आहो का?"

"नाही ना," मी म्हटलं. "उंदरं आपल्या मनानं चाटत नाहीत, बाबा. त्याईले नळीनं पाजा लागते."

आईला ठसका लागला. बाबा ताटावरून उठले नाहीत, कारण अन्नावर राग काढायचा नाही असा त्यांचा नियम होता, पण दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी मुद्दाम दोन पाकिटं जास्त चाखली. हे मला त्यांनीच घरी येऊन सांगितलं.

मी हसत होते, चिडवत होते, पण खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. चांगलं लिव्हर गर्द लाल असतं, धारदार कडांचं. आमच्या औषध प्यायलेल्या उंदरांचं पिवळट पडलेलं, कडा बोथट झालेलं लिव्हर मी सकाळी स्वतःच्या हाताने बाहेर काढायचे आणि दुपारी जेवणाचा डबा द्यायला दुकानात गेले की बाबा जीभ बाहेर काढून उभे असायचे. तीस वर्षं ते हेच करत होते. उंदराइतकं औषध त्यांच्या पोटात जात नव्हतं हे मला कळत होतं, पण उंदरांचं आयुष्य दोन-अडीच वर्षांचं, आणि माझा बाप एकच होता. हे असं सरळ त्यांना सांगायला पाहिजे होतं. ते सोडून मी भांडत राहिले.

त्यांचं रक्त तपासायचं होतं. ते साध्या सांगण्याने ऐकणार नव्हते. म्हणून मी खोटं बोलले. सांगितलं की नवीन राज्यात दुकानाचं लायसन पुढे चालू ठेवायला मालकाच्या लिव्हरचा रिपोर्ट लागतो. त्या दिवसांत नवीन राज्य, नवीन नियम असं म्हटलं की माणसं काहीही मान्य करायची. बाबा उपाशीपोटी जाऊन रक्त देऊन आले, वर मला म्हणाले की सरकार पहिल्यांदाच काही डोक्याचं काम करून राहिलं.

रिपोर्ट चांगला नव्हता. लिव्हरचे आकडे जितके असावेत त्याहून वर होते, म्हणून सोनोग्राफी झाली, आणि तीत लिव्हरला चरबी दिसली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की हे कशाने झालं ते या कागदांवरून सांगता येणार नाही. पोट सुटलंय त्याने असेल, तळणाने असेल, औषधाने असेल, तिन्हीने असेल. मात्र जे थांबवता येतं ते थांबवा. बाबांनी यातलं सोयीचं तेवढं घेतलं. घरी आल्यावर त्यांनी आईचे वडे आणि चिवडा बंद केला. जीभ चालूच राहिली. आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू तिच्या कढईवर मीच आळ घेतला होता.

मग मी ठरवलं की या जिभेलाच खोटं पाडायचं. त्यांच्या अभिमानाचा फुगा फुटला की चाखणं आपोआप थांबेल, असा माझा साधा विचार. आईच्या डब्यातून वाटीभर मैदा घेतला. त्यात मिठाईचा गुलाबी रंग कालवून वाळवला, चव तुरट व्हावी म्हणून तुरटी कुटून घातली आणि वासासाठी ते सगळं चार दिवस दुकानातल्याच एका खोक्यात ठेवलं. एक रिकामं पाकीट धुऊन, वाळवून, भरून, मेणबत्तीवर तोंड चिकटवलं. जोड जरा वाकडा आला, एका कोपऱ्याला जळला. चुकून विकलं जाऊ नये म्हणून मागे पेनाने ठिपका केला. एवढी काळजी मी संशोधनातही घेत नसे.

धान पेरणीच्या आधीचे दिवस होते, दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. त्यांत अभनपूरकडची एक बाई होती. स्वतःची शेती स्वतः बघणारी, वर्षानुवर्षं आमच्याकडेच येणारी. तिने नेहमीप्रमाणे सांगितलं, भैया, जीभ लावा. बाबा मागच्या खोक्याकडे वळणार तेवढ्यात मी माझं पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते फिरवून पाहिलं नाही. सरळ कोपरा कापला, करंगळी बुडवली, जिभेला लावली, डोळे मिटले. दोन क्षण गेले.

"असली," बाबा म्हणाले. "एक नंबर."

मी ठरवलं होतं की हे घरी, एकट्यात सांगायचं. पण मला हसू दाबता आलं नाही, आणि हसता हसता मी सगळ्यांसमोर बोलून गेले की बाबा, तो मैदा आहे. आईच्या डब्यातला. हिंदीत परतही सांगितलं, कुणाचं सुटायला नको म्हणून. गिऱ्हाइकं हसली. एकाने विचारलं, पुऱ्या करायच्या का. बाबांनी पाकीट उलटं केलं, जोड पाहिला, ठिपका पाहिला, आणि माझ्याकडे न बघता ते गल्ल्यावर ठेवलं. त्यांचे कान लाल झाले होते. मला त्या क्षणी कळलं की मी अति केलं आहे.

ती बाई मात्र हसली नाही. तिने आपला हात गल्ल्यावर ठेवला. तिच्या उजव्या करंगळीचं टोक गुलाबी होतं.

"तुमन चीखथव भैया," ती म्हणाली, "त हमू चीखथन."

तुम्ही चाखता, म्हणून आम्हीही चाखतो. ती हे तक्रारीने सांगत नव्हती, उलट शिकलेल्या विद्येसारखं सांगत होती. घरी पाकीट फोडलं की आधी ती जिभेला लावते, मग सून लावते, दोघींचं एकमत झालं की मगच औषध बियाणाला चोळायचं. पाऱ्यातल्या, म्हणजे तिच्या वस्तीतल्या, बाकीच्या घरांनाही तिनेच शिकवलं होतं. सगळे म्हणतात रायपूरच्या दुकानदारासारखं करा. आता तिला एवढंच विचारायचं होतं की मैद्यालाही असली म्हणते, तर जीभ सांगते तरी काय.

 बाबांनी माठातलं पाणी तांब्यात काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. तिच्याच छत्तीसगडी भाषेत, सावकाश सांगितलं की जिभेला काही कळत नाही, कधीच कळत नव्हतं, मी नाटक करत होतो. पुन्हा चाखू नका, सुनेला चाखू देऊ नका, पाऱ्यात सगळ्यांना सांगा. बाकीची गिऱ्हाइकं हसायची थांबली. तीस वर्षं कमावलेलं नाव त्यांनी पाच माणसांसमोर स्वतःच्या तोंडाने मोडलं.  पेरणीच्या दिवसांत आमचं दुकान कधी दुपारी बंद झालं नव्हतं, ते त्या दिवशी झालं.

चार दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. आई बोलली, भरपूर बोलली. बापाचा असा चारचौघांत पाणउतारा करतात का, हे तिने दिवसातून दोनदा विचारलं, आणि मैदा कुणाला विचारून घेतला हे तीनदा. माझा धाकटा भाऊ मराठीत सुरू झालेल्या भांडणात हिंदीत उत्तरं देऊन सुटका करून घ्यायचा. मला ते जमत नव्हतं. मी माझ्या उंदरांकडे जाऊन बसायचे.

पाचव्या दिवशी बाबांनी मला दुकानात बोलावलं. त्यांनी रबरी हातमोजे घातले होते, कोपरापर्यंतचे, नाकावर फडकं बांधलं होतं, आणि ताडपत्रीवर बियाणं लाकडी दांड्याने खालीवर करत होते. उकाड्याने मोज्यातून घाम निथळत होता. गल्ल्याजवळ पुठ्ठ्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात हिंदीत लिहिलं होतं की इथे दवाई चाखली जात नाही, कुणी चाखू नये.

हात धुऊन त्यांनी दोन पाकिटं माझ्यापुढे ठेवली. एक खरं, एक कुठूनसं मिळालेलं खोटं. खऱ्याच्या जोडावर बारीक, सरळ, सारख्या अंतराच्या रेघा होत्या, कंगव्याच्या दात्यांसारख्या. खोट्याच्या वाकड्या होत्या, मध्येच तुटलेल्या. बाबा म्हणाले की दोन्ही वेळा खोकी त्यांनी यावरूनच पकडली होती. पण जोड पाहून सांगितलं तर लोक मान हलवायचे आणि दुसऱ्या दुकानात जायचे. जिभेला लावलं की विश्वास ठेवायचे. दुकानदार स्वतः खातो, म्हणजे खरंच असणार. म्हणून आधी जोड पाहायचा आणि मग जिभेचा देखावा करायचा. पाकीट हातात फिरवायचे ते यासाठी. मी एवढी वर्षं ते पाहत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी ते दोन जोड पुन्हा पुन्हा पाहिले. माझ्या मेणबत्तीचा जोड याहून किती वाईट होता.

"मग माह्या पाकिटाचा जोड काहून नाही पाह्यला?" मी विचारलं.

बाबांनी पाकिटं उचलून आत ठेवली. "तू दिलं होतं ना हातात," ते म्हणाले.

 मला रडू आलं. बाबांनी ते पाहिलं आणि मोजे परत चढवायला घेतले.

वर्षभराने त्यांचं रक्त पुन्हा तपासलं. या वेळी ते स्वतःहून गेले, जाताना मला विचारून गेले की यंदाही लायसनसाठीच का. म्हणजे तेही त्यांना ठाऊक होतं. आकडे खाली आले होते. आई म्हणाली तळण सोडल्यामुळे, मी म्हटलं चाखणं सोडल्यामुळे. डॉक्टर म्हणाले की आता मला मध्ये घेऊ नका. खरं काय ते मलाही माहीत नाही. बाबांच्या लिव्हरमधले कुठले डबे उघडे होते आणि कुठले बंद झाले, हे बघायला त्यांचा तुकडा काही मी बर्फात घालून पाठवला नव्हता. ती अभनपूरची बाई मात्र पुढेही येत राहिली. आली की पाकीट उजेडात धरून आधी जोड पाहायची, मग आपली साधी, सावळी करंगळी बाबांना दाखवायची.

काही महिन्यांत बाबांचा तळवाही इतरांसारखा झाला. पंगतीत शेजारचा माणूस आता बघेनासा झाला, आणि बाबांना ते जरा लागलं असं मला वाटतं.

माझा प्रबंध पूर्ण व्हायला पुढे तीन-चार वर्षं लागली. पदवी मिळाल्याचं कळलं त्या दिवशी पेढ्यांचा डबा घेऊन मी थेट दुकानात गेले. बाबांनी मोजे काढले, साबणाने दोनदा हात धुतले, पुसले आणि डबा घेतला. पण उघडला नाही. आधी तो उलटा केला. चिकटपट्टीवरून अंगठा फिरवला, कोपरे पाहिले, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला हसू आलं. माझ्या हातून आलेली कुठलीच गोष्ट त्या मैद्याच्या दिवसापासून त्यांनी अशी पाहिल्याशिवाय घेतली नव्हती. ती थट्टा होती हे मला माहीत होतं, आणि ती माझ्यामुळे सुरू झाली होती हेही.

त्यांनी एक पेढा उचलला, तोंडात ठेवला आणि पूर्वीसारखे डोळे मिटले. दोन क्षण थांबले. मग गिळला.

"असली," बाबा म्हणाले.